पानाचा पत्ता आणि परतीची वाट
असमकालिक पृष्ठबदल व ब्राउझरचा इतिहास यांच्या मेळाविषयी

शब्दकोश चाळणाऱ्या वाचकाची एक सवय सर्वपरिचित आहे. एका शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी तो पान उघडतो. त्या नोंदीत 'पाहा' असे म्हणून दुसऱ्या शब्दाचा निर्देश केलेला असतो. तो तिकडे वळतो, तेथून तिसऱ्या शब्दाकडे जातो, आणि मूळ पानात बोट अडकवून ठेवलेले असल्यामुळे हवे तेव्हा परत येतो. छापील ग्रंथात हे बोट जे काम करते तेच काम संगणकाच्या पडद्यावर ब्राउझरचे 'मागे' हे बटण करीत असते. कोश संकेतस्थळावर आला म्हणजे पाने उलटण्याचे श्रम वाचतात हे खरेच. परंतु पुष्कळदा असा अनुभव येतो की, चार नोंदी पाहून झाल्यावर वाचकाने 'मागे' जाण्याचे बटण दाबले असता तिसरी नोंद पुढे येण्याऐवजी तो कोशातूनच बाहेर फेकला जातो. दुसरा अनुभव अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. समोर दिसणाऱ्या नोंदीचा पत्ता उतरून घेऊन त्याने तो आपल्या निबंधाच्या तळटीपेत दिला, तर तो पत्ता उघडणाऱ्या परीक्षकास ती नोंद न दिसता कोशाचे मुखपृष्ठ तेवढे दिसते. तळटीप जाग्यावर असते, पण तिच्यातला पुरावा नाहीसा झालेला असतो. ह्या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे, आणि ते टाळणे कोशाच्या संकेतस्थळाची उभारणी करणाऱ्यांच्या हाती आहे.

मुळात जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची जी कल्पना मांडली, तिचा एक आधारस्तंभ म्हणजे प्रत्येक लेखास स्वतःचा पत्ता असणे हा होय. वाचक दुव्यावर टिचकी मारतो. ब्राउझर त्या दुव्यातील पत्त्यावर मागणी पाठवितो. दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, सबंध पान पाठवून देतो. आणि ब्राउझर जुने पान पुसून नवे मांडताना त्याचा पत्ता आपल्या इतिहासाच्या यादीत क्रमाने नोंदवून ठेवतो. 'मागे' व 'पुढे' ही बटणे ह्या यादीवर वरखाली सरकणारी दर्शके होत. पानात काय लिहिले आहे, वाचकाने त्यात काय वाचले, ह्याची ब्राउझरला वार्ता नसते. त्याला ठाऊक असतो तो पत्त्यांचा क्रम.

ह्या व्यवस्थेत एक गैरसोय होती. एका नोंदीऐवजी दुसरी पाहावयाची असली, तरी पानाचा मथळा, डावीकडील शब्दसूची, खालची माहिती हे सर्व पुन्हा मागवून पुन्हा मांडावे लागे, आणि तोवर वाचकाला कोऱ्या पडद्याकडे पाहत बसावे लागे. ह्यावर उपाय निघाला तो असा: पानातच ठेवलेल्या जावास्क्रिप्टच्या आज्ञांनी पडद्याआड मागणी पाठवावयाची, उत्तर येईतो पान जसेच्या तसे वापरते ठेवावयाचे, आणि उत्तर आले म्हणजे हवा तेवढाच भाग बदलावयाचा. मागणी व उत्तर यांच्यामध्ये पानाचे काम थांबून राहत नाही म्हणून ह्या पद्धतीस असमकालिक म्हणतात. (भाषाविज्ञानात एककालिक व ऐतिहासिक असा जो भेद सांगितला जातो त्याच्याशी ह्या संज्ञेचा काही संबंध नाही. तेथे काळ हा अभ्यासाच्या दृष्टिकोनाचा भाग असतो, येथे तो केवळ वाट पाहण्याचा काळ आहे.) मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक ह्या टपालसेवेच्या वेब आवृत्तीसाठी घडविलेले हे साधन १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर बाहेर आले. २००४ मध्ये जीमेलने व २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्सने त्याची शक्ती सर्वांच्या नजरेस आणून दिली, आणि त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका निबंधात ह्या पद्धतीचे 'एजॅक्स' असे नामकरण केले. पुढे हा शब्द इतका रूढ झाला की, पद्धत जुनी असून नाव तेवढे नवे होते ह्याचा पुष्कळांना विसर पडला.

वाचकाच्या दृष्टीने पाहता तो 'अभ्यास' ह्या नोंदीवरून 'आवृत्ती' ह्या नोंदीवर गेलेला असतो. ब्राउझरच्या दृष्टीने मात्र तो जागचा हललेलाच नसतो, कारण नव्या पत्त्याची मागणी त्याच्यामार्फत, त्याच्या रीतीने झालेली नसते. पत्ता तोच राहतो, इतिहासाच्या यादीत भर पडत नाही, आणि 'मागे' म्हटल्यावर ब्राउझर यादीतील मागच्या पत्त्यावर, म्हणजे कोशात येण्यापूर्वीच्या स्थळी, वाचकास प्रामाणिकपणे नेऊन सोडतो. चूक ब्राउझरची नाही. त्याला जे सांगितले गेले नाही ते त्याने ओळखावे कसे?

व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर असे पान विशेषनाम गमावून बसलेले असते. 'हा', 'हे', 'येथे' ह्या दर्शक शब्दांचा अर्थ बोलणारा व ऐकणारा एका ठिकाणी असेल तरच लागतो. पत्ता नसलेल्या नोंदीकडेही शेजारी बसलेल्या माणसाला बोट दाखवून 'हे पाहा' एवढेच म्हणता येते. दूरच्या माणसाला, किंवा उद्याच्या स्वतःला, ती दाखवावयाची झाली तर नाव लागते. म्हणून 'मागे' चे बटण आणि तळटीप हे दोन प्रश्न वरवर निरनिराळे दिसले तरी त्यांचे उत्तर एकच: वाचक जेथे परत येऊ इच्छील त्या प्रत्येक स्थितीस पत्ता असला पाहिजे, आणि तो पत्ता ब्राउझरला व सर्व्हरला, दोघांनाही कळला पाहिजे. ह्यातील उत्तरार्धाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुढली काही वर्षे वाया गेली.

पहिला उपाय पत्त्यातील हॅश चिन्हाचा होता. पत्त्याच्या शेवटी हे चिन्ह व त्यापुढे एखादे नाव लिहिले असता ब्राउझर त्याच पानातील त्या नावाच्या जागेशी जातो. मोठ्या लेखातील प्रकरणांकडे जाण्यासाठी ही सोय आरंभापासून होती. चिन्हानंतरचा भाग बदलला तरी पान पुन्हा मागविले जात नाही, पण इतिहासाच्या यादीत मात्र नवी नोंद पडते. एजॅक्सच्या रचनाकारांना नेमके हेच हवे होते. बदल झाला हे ओळखण्यास प्रारंभी धड साधन नव्हते. तेव्हा पत्ता बदलला काय हे सेकंदातून अनेकदा तपासून पाहावयाचे, आणि जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररसाठी पानात एक अदृश्य चौकट दडवून तिच्याकडून इतिहासात नोंदी पाडून घ्यावयाच्या, अशा खटपटी चालत. बदलाची वर्दी देणारी सोय इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्ये २००९ साली आली आणि ही तारांबळ संपली.

मूळ उणीव मात्र तशीच राहिली. हॅशपुढील मजकूर ब्राउझर सर्व्हरकडे कधीच पाठवीत नाही. पाकिटावर फक्त गावाचे नाव लिहावे आणि घर कोणते ते आतल्या चिठ्ठीत लिहावे, असा हा प्रकार आहे. टपालवाला पाकीट गावापर्यंत आणील, पुढे कोणी चिठ्ठी उघडून वाचली तरच ते घरी पोहोचणार. येथे चिठ्ठी वाचण्याचे काम पानातील जावास्क्रिप्टला करावे लागते. प्रथम मुखपृष्ठ येते, मग आज्ञा येतात, मग त्या चिन्हापुढील नाव वाचून दुसरी मागणी करतात. आज्ञा कोठे अडखळल्या तर वाचकाच्या हाती कोरे पान येते. शोधयंत्रांचीही तीच अडचण असल्यामुळे गूगलने २००९ मध्ये हॅशपुढे उद्गारचिन्ह लिहिण्याची एक तडजोड सुचविली, आणि २०१० च्या नव्या रचनेत ट्विटरने ती स्वीकारली. २०११ च्या फेब्रुवारीत गॉकर समूहाने आपली संकेतस्थळे ह्याच पद्धतीवर नेली. तेव्हा जावास्क्रिप्टमधील बिघाडाने सगळी पाने एकाच वेळी कोरी पडली. ट्विटरने मे २०१२ मध्ये माघार घेऊन पान पुन्हा सर्व्हरवर घडविण्यास आरंभ केला व प्रथम पान दिसण्यास लागणारा वेळ पूर्वीच्या सुमारे एक-पंचमांशावर आल्याचे जाहीर केले. गूगलनेही २०१५ मध्ये आपली शिफारस मागे घेतली. परंतु जे पत्ते एकदा लोकांनी उतरून घेतले ते परत घेता येत नाहीत. सर्व्हरला ते दिसतच नसल्यामुळे जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वळविण्याचे काम मुखपृष्ठावरील जावास्क्रिप्टलाच यापुढेही करीत राहावे लागते. नामकरणात केलेली घाई किती दीर्घकाळ भोवते ह्याचे हे उदाहरण कोशकारांनी विसरू नये.

दुसरा व टिकाऊ उपाय एचटीएमएल ५ च्या आराखड्यातून पुढे आला. पुशस्टेट, रिप्लेसस्टेट आणि पॉपस्टेट अशी त्यातील तीन साधनांची नावे आहेत. क्रोम व सफारी ह्यांत ती २०१० मध्ये, फायरफॉक्समध्ये २०११ साली चौथ्या आवृत्तीत, आणि इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये २०१२ साली दहाव्या आवृत्तीत आली. पुशस्टेट पान न बदलता पत्त्याच्या जागी नवा, पूर्ण पत्ता लिहितो व इतिहासात नवी नोंद घालतो. रिप्लेसस्टेट चालू नोंदीचाच पत्ता खोडून तेथे नवा लिहितो. आणि वाचक 'मागे' किंवा 'पुढे' गेला म्हणजे पॉपस्टेट ही वर्दी पानास मिळते. पत्ता त्याच संकेतस्थळाचा असला पाहिजे असे बंधन आहे, व ते रास्तच आहे. नाहीतर कोणासही दुसऱ्याच्या नावाची पाटी आपल्या दारावर लावता आली असती.

ह्या साधनांच्या वापरात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम असमकालिकतेचा विचारही मनात न आणता कोशाचे संकेतस्थळ साध्या पद्धतीने पुरे करावे: प्रत्येक नोंदीस पत्ता, त्या पत्त्यावर मागणी आली असता सर्व्हरने मथळ्यासकट सबंध पान देणे, आणि नोंदीतील प्रत्येक 'पाहा' हा खराखुरा दुवा असणे. हे झाल्यावर जावास्क्रिप्टने मध्ये पडावे. दुव्यावरील टिचकी तिने अडवावी, नोंदीचा मजकूर तेवढा मागवावा, तो जागच्या जागी बसवावा, पत्ता व पानाचे शीर्षक बदलावे. कंट्रोलची कळ दाबून किंवा माउसच्या मधल्या बटणाने मारलेली टिचकी मात्र अडवू नये. दोन नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहणाऱ्या अभ्यासकास दुवा नव्या खिडकीत उघडावयाचा असतो, आणि ती त्याची वहिवाट आहे. अशा रचनेत जावास्क्रिप्ट बंद पडली तरी कोश बंद पडत नाही. तो जरा सावकाश चालू लागतो, इतकेच. उलट क्रमाने, म्हणजे आधी सर्व काही जावास्क्रिप्टवर उभारून मग पत्त्यांची डागडुजी करणाऱ्यांना ही निश्चिंती सहसा लाभत नाही.

पॉपस्टेटची वर्दी आल्यावर पानाने त्या पत्त्याची नोंद पुन्हा मांडावयाची असते. ब्राउझर केवळ पत्ता पालटतो, मजकूर नव्हे. येथे नवशिक्याच्या हातून हमखास होणारी एक चूक आहे. नोंद मांडण्याचे व पुशस्टेटचे काम एकाच आज्ञासमूहात घातलेले असले, तर 'मागे' गेल्यावरही नवी नोंद इतिहासात पडते, आणि नवी नोंद पडली की तिच्यापुढील सर्व नोंदी ब्राउझर काढून टाकतो. वाचकाची पुढची वाट अशा रीतीने त्याच्या मागे जाण्यानेच नष्ट होते. यास्तव मांडणी वेगळी व नोंदणी वेगळी ठेवावी. पुशस्टेट फक्त वाचकाने स्वतः दुव्यावर मारलेल्या टिचकीपाशी यावा.

असमकालिकतेचा खरा उपद्रव याहून सूक्ष्म आहे. वाचकाने 'अभ्यास' वर टिचकी मारली, उत्तर येण्यास विलंब लागला, तेवढ्यात त्याने 'आवृत्ती' वर टिचकी मारली. दोन मागण्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील असा भरवसा नाही. 'आवृत्ती' ची नोंद आधी आली व तिच्यावर 'अभ्यास' ची उशिरा आलेली नोंद बसली, तर पत्ता एक सांगतो आणि पान दुसरेच दाखविते. अशा वेळी उतरून घेतलेला पत्ता हा नुसता निरुपयोगी नसतो, तो खोटा असतो. कोऱ्या पानाने वाचक फार तर चिडतो. ह्या प्रकाराने तो फसतो, आणि फसल्याचे त्याला कळतही नाही. उपाय अवघड नाही: नवी मागणी निघताच जुनी रद्द करावी, आणि उत्तर आल्यावर ते सर्वांत अलीकडच्या मागणीचेच आहे काय हे पाहून मगच मांडावे.

कोणत्या बदलास इतिहासात जागा द्यावी हा प्रश्न तंत्राचा नसून तारतम्याचा आहे. शोधाच्या चौकटीत 'अभ्यास' हा शब्द टंकित करताना प्रत्येक कळीबरोबर खालची यादी बदलत असेल आणि प्रत्येक बदलास पुशस्टेट लावला असेल, तर परत फिरणाऱ्या वाचकास एका शब्दातून बाहेर पडण्यासाठी सहा वेळा बटण दाबावे लागेल. तेथे रिप्लेसस्टेट योग्य: पत्ता ताजा राहतो, वाट लांबत नाही. नवीन नोंद उघडणे हे स्थलांतर होय, त्यास पुशस्टेट हवा. यादीचा क्रम बदलणे, केवळ नामे दाखविणे अशा गोष्टी मधल्या प्रदेशात मोडतात. त्यांना पत्ता द्यावा, पण इतिहासात पाऊल उमटवू नये, हे बहुधा बरे. व्युत्पत्तीचा लहानसा खुलासा उघडमीट करण्यास ह्यांपैकी काहीच नको. 'मी तेथे गेलो होतो' असे वाचक ज्याविषयी म्हणेल तेच इतिहासात असावे, ही कसोटी पुष्कळ ठिकाणी पुरते.

मराठी कोशाच्या बाबतीत पत्त्याचा आणखी एक पदर आहे. नोंदीचा पत्ता शब्दावरूनच करावा असे कोणासही वाटेल. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते, आणि पत्त्यात एकेक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांनी लिहावा लागतो. त्यामुळे अ, भ, हलन्त-चिन्ह, य, काना व स अशा सहा चिन्हांच्या 'अभ्यास' ह्या शब्दाचा पत्त्यातील विस्तार चोपन्न अक्षरांचा होतो. हा केवळ कुरूपतेचा प्रश्न म्हणून सोडून देता येईल. तसे 'दऱ्या' ह्या शब्दाविषयी म्हणता येत नाही. त्यातील ऱ्या हे जोडाक्षर दोन रीतींनी संगणकात लिहिले जाते: एक, पायाखाली टिंब असलेल्या स्वतंत्र ऱ च्या चिन्हाने, दुसरी, साधा र, हलन्त-चिन्ह व त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. सर्व्हरला ते दोन निराळे पत्ते वाटतात. शिवाय, अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून पत्त्यातून काढून टाकण्याची दक्षता एखाद्या आज्ञेने घेतली, तर दुसऱ्या रीतीच्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो, आणि डोंगरांतील दऱ्या शोधणारा वाचक थेट समुद्रावर जाऊन पोहोचतो! व्याकरणात ज्या जोडीने र च्या दोन संयोगांतील भेद शिकविला जातो तीच जोडी येथे पत्त्यांची गफलत घडविते. म्हणून दोन्ही रूपे ओळखून त्यांतील एक प्रमाण ठरवावे, दुसऱ्या रूपाने आलेल्या मागणीस प्रमाण पत्त्याकडे वळवावे, आणि पुशस्टेटला दिला जाणारा पत्ता वाचकाने टंकित केलेला नसून हा प्रमाण पत्ताच असावा. हे वळविणे सर्व्हरला जमते याचे कारण त्याला सबंध पत्ता दिसतो. हॅशच्या पद्धतीत तेवढाही आधार नव्हता.

आणखी एक खड्डा वाटेतच सांगितला पाहिजे. सोयीसाठी पुष्कळजण एकाच पत्त्यावर दोन उत्तरे देतात: साधी मागणी आल्यास सबंध पान, जावास्क्रिप्टकडून आल्यास नोंदीचा तुकडा. ब्राउझर आलेली उत्तरे पत्त्यावार साठवून ठेवीत असतो. वाचक नोंदीवरून दुसऱ्याच संकेतस्थळावर गेला व 'मागे' आला, तर साठ्यातील तो तुकडाच सबंध पान म्हणून त्याच्यापुढे मांडला जाण्याचा संभव असतो. मथळा नाही, सूची नाही, नुसता उघडा मजकूर. तुकड्यासाठी निराळा पत्ता ठेवल्याने हे टळते. किंवा मागणीच्या कोणत्या शीर्षओळीनुसार उत्तर बदलते हे उत्तराच्या 'व्हेरी' ह्या शीर्षओळीत नमूद करावे.

साध्या पानबदलात ब्राउझर जी लहानसहान कामे न सांगता करीत असतो, त्यांचा भारही आता रचनाकारावर येतो. नव्या पानाचा आरंभ दाखविणे आणि परत आल्यावर वाचक जेथे होता त्या ओळीशी नेणे, हे त्यांपैकी एक. पानाची ही जागा ब्राउझरने सांभाळावी की पानातील आज्ञांनी, हे ठरविण्याची मुभा क्रोमने २०१५ मध्ये दिली. दुसरे काम अंध वाचकांच्या संबंधात आहे. पडदा वाचून दाखविणारी साधने पान बदलले म्हणजे त्याचे शीर्षक उच्चारतात. एजॅक्सने मजकूर बदलला असता ती गप्प राहतात, आणि वाचकास आपण काही केले की नाही याचाच उलगडा होत नाही. म्हणून शीर्षक बदलावे आणि कळफलकाचा रोख नव्या नोंदीच्या मथळ्यावर आणून ठेवावा. पुशस्टेटला शीर्षकासाठी एक जागा ठेवलेली आहे खरी, पण बहुतेक ब्राउझर तिची दखल घेत नाहीत. शीर्षक स्वतंत्रपणेच बदलावे लागते.

२०२२ मध्ये क्रोममध्ये नॅव्हिगेशन एपीआय ह्या नावाने एक नवे साधन आले असून, दुव्यावरील टिचकी, 'मागे', 'पुढे' ह्या सर्वांची वर्दी तेथे एकाच ठिकाणी मिळते व जुनी मागणी रद्द झाल्याची सूचनाही त्याबरोबर येते. वर सांगितलेल्या खटपटींपैकी निम्म्याअधिक त्याने हलक्या होतात. पत्ता कशास द्यावा आणि तो सर्व्हरला कळेल असा कसा करावा, हे मात्र ते ठरवीत नाही.

तयार संकेतस्थळ तपासण्यास तंत्रज्ञ असण्याची गरज नाही; कोशविभागातील कोणालाही ते अर्ध्या तासात करता येते. चार नोंदी पाहून तीनदा मागे व तीनदा पुढे जावे. मधल्या नोंदीचा पत्ता दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. पान ताजे करून तीच नोंद येते काय ते पाहावे. दुसऱ्या संकेतस्थळावर जाऊन परत यावे. जोडणी मुद्दाम मंद करून दोन दुव्यांवर पाठोपाठ टिचकी मारावी आणि पत्ता व मजकूर जुळतात काय ते ताडून पाहावे. मग जावास्क्रिप्ट बंद करून 'दऱ्या' हा शब्द दोन्ही रीतींनी टंकित करावा, आणि दोन्ही वेळा डोंगराचीच नोंद उघडते याची खात्री करून घ्यावी.